दांडा ओढून बघणारा मामा

मामा आमच्या घरी आला की आधी दाराकडे बघायचा, मग माणसांकडे. आत आल्यावर दार लावायचं, कडी घालायची आणि घातलेली कडी एकदा दाबून, एकदा ओढून बघायची. मग स्वतःशीच म्हणायचं, "बसलं." एवढं झाल्याशिवाय तो चपला काढत नसे. नळ, गॅसचं बटण, माझ्या मुलीच्या दप्तराची चेन, मामीच्या पर्सचं बक्कल, त्याच्या हातून काही सुटायचं नाही. मामी म्हणायची, "लग्नानंतर माझा हात पहिल्यांदा धरला तेव्हासुद्धा आधी दाबला आणि मग ओढून बघितला. मला आपलं वाटलं, प्रेम आहे."

ही सवय कामावरून घरी आलेली होती. मामा एका मोठ्या थीम पार्कमध्ये कामाला होता. तिथले रोलर कोस्टर बघायला लांबलांबची माणसं येतात. त्यातल्या सगळ्यात उंच राइडच्या फलाटावर मामा असायचा. माणसं गाडीत बसली की त्यांच्या मांडीवर लोखंडी दांडा खाली येतो. गाडी सुटायच्या आधी मामा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा आणि प्रत्येकाचा दांडा हाताने दाबायचा, मग वर ओढून बघायचा. प्रत्येक दांड्याला "बसलं." शेवटच्या सीटपाशी पोचला की केबिनमधल्या ऑपरेटरला अंगठा दाखवायचा, आणि गाडी चढ चढायला लागायची. कामावरचे लोक त्याला ओढकाका म्हणत.

लहानपणी मी त्याला विचारलं होतं की केबिनमध्ये दिवा लागतो, कुलूप लागल्याशिवाय गाडी हलतच नाही, मग तू कशाला पाहिजेस? मी तेव्हापासूनच अशी तोंडाळ. मामा रागावला नाही. म्हणाला, "दिव्याला एवढंच कळतं की कुलूप लागलं. मांडी आणि दांड्याच्या मध्ये कोणाची पिशवी अडकलीय, कोणी अंग चोरून बसलंय, ते दिव्याला नाही कळत. ते हाताला कळतं."

स्वतः मात्र तो त्या राइडमध्ये कधी बसला नाही. आम्ही चिडवायचो, घाबरतोस म्हणून. तो म्हणायचा, "मी वर गेलो तर खाली कोण?" आम्ही हसायचो, पण त्याला ते खरंच वाटत असे. वरून किंचाळ्या ऐकू आल्या की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो. मामाचं उलट होतं. लोक मजेत ओरडतायत म्हणजे सगळं ठीक आहे, असं तो धरून चालायचा.

माझी आई लवकर गेली आणि मामा-मामीनेच मला वाढवलं. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे मी त्यांची आणि माझी मुलगीही त्यांचीच. हे सांगायचं कारण पुढे येईलच.

एकदा दोघं माझ्याकडे आले होते. मी दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, सुटी मिळाली की त्यांना बोलावते. बोलता बोलता मामाने शेगडीवरचं दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उचललं, ओट्यावर ठेवलं आणि पुन्हा बोलायला लागला. मामी ओरडली नाही. ती नुसती उठली, त्याचे हात धरले आणि माझ्यासमोर उलटे केले. बोटं लालभडक झाली होती. मामा त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाचे हात असावेत तसा बघत होता.

मी मलम लावलं आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं. पेनाचं टोक न भाजलेल्या करंगळीवर दाबलं आणि विचारलं, "कुठं टोचतंय?"

"तू सुरू कर, मग सांगतो," तो म्हणाला.

साखरेचा आजार त्याला जुनाच. पायांची बोटं बधिर झाल्याचं आम्हाला ठाऊक होतं. हातांचं त्याने कोणाच्या कानावर घातलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साखर सांभाळली तर आणखी वाढणार नाही, पण गेलं ते परत येईलच असं नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी त्याला गाठलं.

"मामा, मग दांडे कसे बघतोस?"

"डोळ्यांनी."

"डोळ्यांनी कसं कळणार?"

"दिवा लागतो ना केबिनमध्ये," तो म्हणाला. आणि मग मान खाली घालून उभा राहिला, कारण या प्रश्नाचं उत्तर मला कोणी शिकवलं होतं ते दोघांनाही आठवत होतं.

मी खनपटीलाच बसले. ऑफिसात सांग, नाहीतर मी येऊन सांगते. तो म्हणाला, "सांगतो गं. निवृत्तीला थोडंच राहिलंय, पण सांगतो." पुढच्या वेळी फोनवर विचारलं तर म्हणाला, "सांगितलं. आता रांगेकडे बघायला ठेवलंय मला." मामीलाही त्याने तेच सांगितलं. मामा आयुष्यात खोटं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे माझ्या जिवात जीव आला.

त्याच वर्षी माझी मुलगी राइडच्या फाटकावरच्या रेघेएवढी उंच झाली. त्या रेघेपाशी ती दर वर्षी टाचा उंच करून उभी राहायची आणि मामाच तिचे खांदे खाली दाबायचा. आता तिला टाचा उंच करायची गरज नव्हती. मामा म्हणाला, "संध्याकाळी या. माझी पाळी संपली की मी येतो बरोबर, खाली उभा राहतो." पण पोरगी सकाळपासून बूट घालून तयार. तिने घर डोक्यावर घेतलं, शेवटी मी मामीला बरोबर घेतलं आणि आम्ही सकाळीच निघालो. मामाला कळवलं नाही. त्याला अचानक गाठायचं, असं पोरीचं म्हणणं.

राइडची रांग वळणं घेत आतून जाते, फलाट शेवटपर्यंत दिसत नाही. मामी पिशव्या घेऊन खाली बाकावर बसली होती. आम्ही वर पोचलो, गाडी लागली, आणि पोरगी माझा हात ओढत थेट पहिल्या सीटवर जाऊन बसली. दांडे खाली आले. मी मान वळवून बघितलं, तर मागच्या टोकाकडून मामा येत होता. रांगेकडे बघणारा मामा. प्रत्येकाचा दांडा दाबत, ओढत, "बसलं" म्हणत येत होता. हात तेच करत होते, पण डोळे हातांवर खिळलेले होते. पूर्वी तो इकडेतिकडे बघत, लोकांची थट्टा करत हे काम करायचा.

माझ्या अंगाची आग झाली. उठून ओरडावं असं वाटलं, पण मांडीवर दांडा होता. तेवढ्यात तो आमच्यापाशी आला. त्याने आधी पोरीला बघितलं, मग मला. पोरगी आनंदाने म्हणाली, "आजोबा, बघा, मी बसले."

मामाने तिचा दांडा दाबला. ओढला. पुन्हा दाबला, पुन्हा ओढला. "बसलं" हा शब्द येईना. हात दांड्यावर तसाच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. केबिनमधला ऑपरेटर अंगठ्याची वाट बघत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, आज सोडायचा विचार आहे का?"

मामाने हात वर केला. अंगठा नाही, सगळा पंजा उघडा. गाडी थांबवायची ती खूण. तो केबिनकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "दांडे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. माझ्या हाताला कळत नाहीये."

फलाट बंद झाला. लोक कुरकुरत उतरले. आलेल्या सुपरवायझरने दुसऱ्या माणसाला सगळे दांडे पुन्हा बघायला लावले. एकूण एक नीट होते. एकातही काही चूक नव्हती. सुपरवायझरने विचारलं, "हे कधीपासून?" मामा म्हणाला, "बऱ्याच महिन्यांपासून." मग त्याने कमरेचा कामाचा पट्टा सोडला, गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला.

खाली येताना पोरगी रडत होती. तिला राइड मिळाली नाही याचं रडू होतं, आणि ते मला बरंच वाटलं, कारण दुसरं काही तिला कळलं नव्हतं. मामीने आमची तोंडं बघितली. पिशव्या उचलल्या आणि चालायला लागली.

संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मी तोंडाचा पट्टा सोडला. खोटं बोललास, मामीला फसवलंस, माझ्या पोरीला त्या गाडीत बसू दिलंस. मामा खुर्चीत बसून सगळं ऐकत होता. शेवटी मीच दमले. मला वाईट वाटायला लागलं आणि मी म्हटलं, "जाऊ दे. सगळे दांडे नीट होते. कोणाला काही झालं नाही. आणि शेवटी थांबवलंस ना?"

"तेच तर," मामा म्हणाला. "थांबवलं. तुझी पोरगी बसली तेव्हा थांबवलं."

त्याने दोन्ही हात मांडीवर उलगडले.

"रोज गाड्या भरून पोरं बसत होती तिथे. हाताला काही कळत नव्हतं आणि मी बसलं, बसलं म्हणत होतो. एकदासुद्धा हात अडला नाही माझा. आज अडला." तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. "मग ती बाकीची कोणाची होती?"

समजूत घालण्यासारखं ते नव्हतंच. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मला तो तरीही प्रिय होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी छातीत घेऊन मी ओट्याला टेकून उभी राहिले. मामी उठली आणि दाराची कडी घातली. ती घातल्यावर तिने पहिल्यांदाच ती ओढून बघितली. मामा उठला नाही.

ऑफिसात त्याला बरंच ऐकावं लागलं, आणि ते रास्तच होतं. काढून मात्र टाकलं नाही. आपणहून सांगितलं, असं धरून निवृत्तीपर्यंत त्याला त्याच राइडच्या बाहेर पडायच्या फाटकावर उभं केलं. काम काहीच नाही. लोक जिना उतरून येतात, त्यांना रस्ता दाखवायचा. कामावरचे त्याला ओढकाका म्हणायचं थांबले, आणि हे मामाला लागलं असणार. घरीही त्याने दारं ओढणं सोडून दिलं.

पोरगी पुन्हा हट्टाला पेटली तेव्हा मी खूप दिवस चालढकल केली. मग मामाच म्हणाला, "आण तिला. नवीन माणूस चांगला आहे, मी बघितलंय." आम्ही गेलो. या वेळी मी बसले नाही. पोरगी एकटी रांगेत गेली आणि मी फाटकापाशी मामाजवळ उभी राहिले. फाटकातून गाडी सुटताना दिसते. मामा एकेका सीटवरून डोळे फिरवत होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं, जुन्या सवयीने "बसलं" म्हणतोय.

गाडी वर गेली, चढाच्या टोकाशी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि खाली आली. किंचाळ्यांमध्ये आपल्या पोरीची कुठली हे मला कळलं नाही. मामा वर बघतच नव्हता. त्याचं लक्ष जिन्याकडे होतं.

पोरगी सगळ्यांच्या आधी धावत उतरली. केस विस्कटलेले, चेहरा लाल. "आजोबा!" म्हणत ती त्याच्या अंगावर झेपावली. मामाने तिला हाताने अडवून बाजूला उभं केलं.

"थांब," तो म्हणाला. "मागचे येऊ देत."

मग तो जिन्याकडे बघत राहिला. दोन बहिणी हसत आल्या. एक जाडजूड गृहस्थ कठड्याला धरून आले. एक बाई मुलाची टोपी शोधत आली, मुलगा तिच्या मागून. प्रत्येकाच्या तोंडाकडे मामा बघायचा आणि ओठ हलायचे. आता जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "आला," तो म्हणत होता. "आली. आला." सगळ्यात शेवटी एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांना घाई नव्हती. पोरगी चुळबुळत होती, मी तिचा खांदा धरून ठेवला. म्हातारे उठले, उतरले आणि फाटकातून बाहेर पडले.

"आले," मामा म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याने खाली वाकून आमच्या पोरीला जवळ घेतलं.