रखमाबाईंचं काविळीचं औषध

रखमाबाई आज पहाटे गेल्या.

त्यांच्या सुनेच्या मरणात माझा वाटा होता. हे मी आजवर कुठेही लिहिलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात पीएच.डी. करत होतो. काविळीच्या गावठी औषधांत खरंच गुण असतो का, हे लॅबमध्ये तपासायचं, हा माझा विषय.

रामटेकच्या पुढे, एसटी सोडून तासभर चाललं की रखमाबाईंचं गाव. थोडी धानाची शेती, आणि सकाळी अंगणात काविळीचे पेशंट. कुणी बैलगाडीतून आलेला, कुणी भावाच्या पाठीवर. रखमाबाई एका वेलीचं मूळ ताकात उगाळून द्यायच्या. तीन सकाळी, उपाशीपोटी.

चौथ्या दिवशी कुणी कितीही हातापाया पडलं तरी नाही.

"तीनच का मावशी?"

"माह्या सासूनं तीनच सांगतलं. तिले तिच्या सासूनं."

(वेलीचं नाव इथे लिहीत नाही. कमेंटमध्ये विचारू नका. उद्या कुणीतरी शोधायला निघेल.)

त्यांनी स्वतः मूळ खणून माझ्या पिशवीत भरलं. "लोकायच्या कामी येत असन त घेऊन जाय."

लॅबमध्ये आम्ही पांढऱ्या उंदरांचं लिव्हर आधी केमिकलनं बिघडवायचो, मग मुळाचा अर्क तीन दिवस द्यायचो. पहिल्या स्लाइड्स मायक्रोस्कोपखाली बघितल्या आणि मी खुर्चीतून उठलोच. लिव्हर सुधारत होतं!

दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन गाव गाठलं.

"मावशी, मशिनीत पाहिलं. तुमचं औषध खरं आहे."

त्यांची सून शांता दारात उभी होती. कडेवर दोन वर्षांची सुमन. पेढे शांतानंच घरोघर वाटले. मला म्हणाली, "आता आमच्या आत्याबाईचं नाव पेपरात येईन का जी भाऊ?"

दिवाळीच्या आधी दुसरा प्रयोग लावला. तोच अर्क, पण रोज, दहा दिवस.

उंदीर मरायला लागले. किडन्या खराब झालेल्या.

पुन्हा केला. पुन्हा मेले.

माझे गाइड म्हणाले, "आत्ताच कुठे बोलू नकोस. आपला रिसर्च पेपर छापून येऊ दे, मग सांगू गावाला. तसंही ती बाई तीनच दिवस देते ना?"

मला पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं.

चांगली बातमी सांगायला मी एका दिवसात गेलो होतो. ही सांगायला तीन महिने गेलो नाही.

फेब्रुवारीत लॅबमधलं मूळ संपलं, म्हणून गेलो. अंगणात कुणी नव्हतं. रखमाबाई ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर सुमन.

"शांती गेली," त्या म्हणाल्या.

संक्रांतीनंतर शांताला कावीळ झाली होती. तीन दिवस औषध दिलं. उतरली नाही.

"मंग म्या देतच राहिली. नऊ दिवस. तूच म्हटलं होतं ना गा, मशिनीत पाहिलं, खरं हाय म्हणून?"

शेवटी शेवटी शांताची लघवी बंद झाली, अंग सुजलं. बैलगाडीतून रामटेकला नेताना ती वाटेतच गेली.

मी तेव्हा गप्प बसू शकलो असतो. बसलो नाही, एवढंच. उंदीर, दहा दिवस, किडन्या, सगळं सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं.

"उंदरं कधी मेले?"

"दिवाळीच्या आधी."

"म्हणजे तुले मालूम होतं."

तो प्रश्न नव्हता.

शांता औषधानं गेली की काविळीनंच, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पोस्टमॉर्टेम झालं नाही. माझे मित्र मला या वाक्याच्या आड लपू देतात. रखमाबाईंनी दिलं नाही.

मला वाटलं, हाकलून देतील. पण पेढे वाटल्यापासून आसपासच्या गावांत बोभाटा झाला होता की नागपूरच्या साहेबानं औषध पास केलं. लोक वेल नेऊन आपल्या मनानं मूळ घेत होते, कितीही दिवस.

"उद्या सकाळी ये," त्या म्हणाल्या. "गावोगाव जावं लागते. अन् तू सांगायचं. मी नाही."

चार दिवस आम्ही पायी फिरलो. मी बोलायचो. त्या सुमनला घेऊन मागे उभ्या. एका गावात एक म्हातारे माझ्यावर धावून आले. "याच मुळानं मी उठलो! शहरातून येऊन बुढीले बदनाम करतं काय बे?"

तेव्हा त्या पुढे झाल्या.

"तो खोटं नाही बोलून राहिला, दादा. माही सून गेली."

म्हातारे खालीच बसले.

चौथ्या दिवशी घरी आल्यावर रखमाबाईंनी अंगणातली वेल मुळासकट उपटली आणि चुलीत घातली. ओली होती, घरभर धूर झाला. मला म्हणाल्या, "आता येऊ नको."

गेलो नाही.

थीसिसमध्ये विषारीपणाचं प्रकरण घातलं. गाइड नाराज झाले, तरी घातलं. त्यात शांताचं नाव नाही. पदवी मिळाली, नोकरी लागली, रिटायरही झालो. रखमाबाईंनी पुन्हा कधी कुणाला औषध दिलं नाही.

सुमन आता नागपुरातच, नंदनवन भागात राहते, शाळेत शिकवते. लग्नानंतर एकदा मला शोधत आली होती. "माझी आई कशी गेली? आजी सांगत नाही."

मी सांगितलं. ती चहा न घेता उठून गेली. वर्षभरानं तिचा फोन आला. तेव्हापासून अधूनमधून येतो. आजीपुढे मात्र माझं नाव काढायची सोय नव्हती.

आज सकाळी तिचाच फोन.

"काका, आजी गेली. दुपारी गावालेच नेऊन राहिलो."

"मी येऊ?"



"या. आता ती काही म्हणणार नाही."

निघतो आहे.

मावशी, माफी मागायला येत नाही. खांदा देऊ दिला तर देईन, नाही तर लांब उभा राहीन.

तुम्हाला आणि शांताला, शेवटचा नमस्कार.