साडूची मंजुरी

वजन कमी करायचं ऑपरेशन असतं आणि ते विम्यात बसू शकतं, ही माहिती आमच्या सासुरवाडीत पहिल्यांदा मी आणली. हे आधीच सांगतो, कारण पुढं ते सगळे विसरले.

मी केजला तहसीलमध्ये कारकून आहे. टेबलावर बसल्या बसल्या मला झोप लागायची. समोर माणूस अर्ज घेऊन उभा आणि मी घोरतोय, असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी साहेबांनी पाहिलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "झोपेत तुमचा श्वास अडतो. डाएट करून झालं, चालून झालं. आता ऑपरेशनचं बघा." मग मी एकटा संभाजीनगरला गेलो, एका हॉस्पिटलात दिवसभर बसून सगळी चौकशी केली आणि येताना कागदांची यादी घेऊन आलो. त्याच रविवारी साडूचा फोन आला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सिरसाळ्यात त्याचं पेंड-सरकीचं दुकान आहे. तोही माझ्यासारखाच जाड, पण त्याचं जाडपण कधी कुणाला खुपलं नाही. तो बाजेवर बसला की बाज करकरायची, सगळे हसायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. मी बसायला गेलो की सासरे काही न बोलता लोखंडी खुर्ची पुढं सरकवायचे. लग्नाला वीस वर्षं झाली, तेव्हापासून हे मी मनात धरून आहे.

"साडूभाऊ, मलाबी यायचंय," तो फोनवर म्हणाला. "गुडघे लई दुखायलेत. पर ते इंग्रजी कागद माझ्याच्यानं व्हायचे न्हाईत. तुमीच बघा."

मला बरं वाटलं. काही बाबतीत तरी त्याला माझी गरज होती. मी दोन फायली केल्या, एक माझी, एक त्याची. परळीच्या डॉक्टरकडं त्यानं केलेल्या डाएटचे जुने कागद मागवून लावले. फॉर्मवर मोबाइल नंबर लिहायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "तुमचाच टाका." मी टाकला.

हॉस्पिटलात दोघांचं वजन झालं. माझं एकशे अठरा, त्याचं एकशे बारा. मला वाटलं, चला, इथं तरी आपण पुढं. मग नर्सनं उंची घेतली. मी पाच फूट आठ, तो पाच फूट चार. त्याच्या लग्नातल्या फोटोत मी त्याच्या शेजारी मुद्दाम ताठ उभा आहे. ती चार इंच उंची मला आयुष्यभर पुरली होती.

विम्याच्या टेबलावरच्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा चाळीसच्या वर हवा. साडूचा बेचाळीसच्या वर गेला. माझा आला एकोणचाळीस पॉइंट सहा.

"यांचं सरळ होईल," बाई साडूकडं बोट करून म्हणाल्या. "तुमचं चाळीसच्या आत आहे. सोबत मोठा आजार आहे हे दाखवावं लागेल. झोपेची तपासणी करा, त्यात त्रास तीव्र निघाला तर कंपनी विचार करेल."

"तपासणीचं मशीन कधी मिळेल?"

"तीन आठवडे थांबावं लागेल."

माझं वजन त्याच्याहून सहा किलो जास्त, शोध माझा, फायली माझ्या, आणि बुटका आहे म्हणून तो पास! मी सर्जनना विचारलं, दीड किलो वाढवून आलो तर चालेल का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वजन वाढवून आलात तर मी हात लावणार नाही. लिव्हर सुजलेलं असतं, आत जागा राहत नाही."

मनाच्या डॉक्टरांकडंही जावं लागतं. ऑपरेशननंतरचं खाणं आयुष्यभर पाळता येईल का, हे ते बघतात. साडू आधी आत गेला. दहा मिनिटांत आतून हसण्याचा आवाज आला आणि तो कागद घेऊन बाहेर. मला पाऊण तास ठेवलं. डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे ऑपरेशन का करायचंय?"

"झोपेत श्वास अडतो."

"आणखी काही?"

"न्हाई."

त्या लिहीत राहिल्या. मी दाराकडं बघत होतो. बाहेर साडू कुणातरी पेशंटला पेंडीचा भाव सांगत होता.

त्याला ऑपरेशनची तारीख मिळाली. आधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं: ताक, डाळीचं पाणी, डब्यातली पावडर. नेमका तेव्हा धोंड्याचा महिना चालू होता आणि सासूबाईंनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. दरवेळी आमची ताटं शेजारी मांडली जायची. या वेळी सगळं घर साडूभोवती जमलं होतं. सासूबाई त्याच्यासाठी ताक गाळून आणत होत्या. मेहुणी घड्याळ बघून पावडर कालवत होती. सासरे म्हणाले, "मन मारणं सोपं न्हाई बाबा. मानलं तुला."

माझ्या ताटात पुरणाचे धोंडे होते, वर तुपाची धार. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी चार खाल्ले, मग सहा, मग मोजायचं सोडलं. चाळीसचा आकडा गाठायला हेच बरं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तो न खाता कौतुक घेत होता म्हणून मी खात होतो.

पुढच्या सोमवारी ऑफिसात असताना विम्याच्या टेबलावरच्या बाईंचा मेसेज आला. साडूच्या फाइलवर कंपनीनं शंका काढली होती. आधी डाएटनं वजन उतरवायचा प्रयत्न केला होता का, त्याचे कागद नीट दिसत नाहीत, पुन्हा पाठवा. गुरुवारपर्यंत उत्तर नाही तर शुक्रवारचं ऑपरेशन पुढं जाईल.

मूळ कागद माझ्याच कपाटात होते. मीच लावले होते. फोटो काढून पाठवायला पाच मिनिटंही लागली नसती. मी मेसेज दोनदा वाचला आणि मोबाइल उलटा ठेवला.

मंगळवारी मनाशी म्हणालो, संध्याकाळी पाठवू. बुधवारी कपाट उघडलं, फाइल बघितली, कपाट लावलं. पाठवणारच नाही असं मी एकदाही ठरवलं नव्हतं. फक्त त्याला थोडं थांबू दे, एवढंच वाटत होतं. माझ्यासारखं. बायकोनं जेवताना विचारलं, "ताईचा फोन आलता, मंजुरीचं काय झालं म्हणं?" बायको धाकट्या बहिणीला लाडानं ताई म्हणते. मी म्हणालो, "येईल की. कंपनीचं काम हाय."

गुरुवारी संध्याकाळी साडूचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"साडूभाऊ, हॉस्पिटलात फोन लावला होता, तारीख आठ दिवस पुढं गेली म्हणं. कायतरी कागद राहिला म्हणतेत."

"असं? बघतो मी. नेटवर्क नव्हतं इकडं."

"बघा जरा. आज पोतं उचलताना डोळ्यापुढं अंधारी आली. ताकावर अजून आठ दिवस म्हंजे लई अवघड हाय."

पुढं तो काय बोलला मला आठवत नाही. मी कपाट उघडलं, कागद जमिनीवर पसरले, फोटो काढले आणि पाठवले. शनिवारी मंजुरी आली. मी त्याला फोन करून सांगितलं तेव्हा मागून मेहुणीचा रडल्याचा आवाज आला. आनंदानं रडत होती. मला कुणाशीच बोलावंसं वाटेना.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. मेहुणी औषधं आणायला खाली गेली होती. साडू उशीला टेकून चमच्या-चमच्यानं पाणी पीत होता. मी शहाळं आणलं होतं, ते स्टुलावर ठेवलं.

"त्या टेबलावरच्या बाईनं मला त्यांचा मोबाइल दावला," तो म्हणाला. "तुमाला सोमवारी मेसेज धाडला होता. त्याच्यावर दोन निळ्या खुणा होत्या. सोमवारच्याच."

मी खिडकीकडं बघितलं.

"कावून केलं असं?"

मत्सर हा शब्द मला तेव्हा आठवलाही नाही. मी एवढंच म्हणालो, "तुझं आधी झालं म्हणून."

त्यानं चमचा खाली ठेवला. "राग आलता," तो म्हणाला. "लई आलता. हिला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर दोघी बहिणींचं बोलणं तुटलं असतं." मग डोळे मिटून म्हणाला, "आता जरा पडतो मी."

त्यानं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही.

माझ्या झोपेच्या तपासणीत त्रास तीव्र निघाला. पण सर्जननी वजन केलं तर अडीच किलो वाढलेलं. त्यांनी फाइलवर लिहिलं, 'पथ्य पाळले नाही', आणि मला दोन महिन्यांनी यायला सांगितलं. ते दोन महिने मी पथ्य पाळलं. तंबाखूची जुनी सवय होती, तीही तेव्हाच सुटली. बायको रोज सकाळी माझ्याबरोबर चालायला यायची. दरम्यान साडूचे शर्ट ढगळ झाले, मग नवे आले. सासुरवाडीत त्याचे आधीचे आणि आताचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले. मी ते उघडून बघायचो आणि लगेच बंद करायचो.

दोन महिन्यांनी माझी फाइल कंपनीकडं गेली. त्यांनीही शंका काढली, मी तासाभरात उत्तर दिलं. मंजुरी आली त्या दिवशी साडूचा आपणहून फोन आला. "सोबत येतो. आत काय काय करतेत ते सांगतो तुमाला."

भरती व्हायच्या दिवशी हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती. विमा विभाग तिसऱ्या मजल्यावर. साडू माझी पिशवी खांद्याला लावून जिना चढत गेला, एकदाही न थांबता. मी पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभा राहिलो. छाती भात्यासारखी चालली होती. वरून त्याचा आवाज आला, "या सावकाश, घाई न्हाई."

ज्या माणसाचं मी वाईट केलं होतं तोच माझं ओझं वाहत होता, आणि तरी त्याच्या त्या हलक्या पावलांचा मला राग आला. हे लिहितानाही लाज वाटते, पण तसंच झालं. श्वास जरा खाली बसला, मग मी पुढची पायरी चढलो.