पूजेतलं चाक

"रंग वाळला का बघून येतो," एवढं बोलून हे उठले. कपात निम्मा चहा तसाच होता. मी नेहमीसारखी चिडले, कारण उभ्या जन्मात या माणसानं एक कप चहा बसून संपवला नाही. हे अंगणाच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथंच टेकले... ते पुन्हा उठलेच नाहीत. शेजारपाजारचे धावले, डॉक्टर आले, आमची मुलगी विजया सांगलीहून आली. त्या सगळ्या गर्दीत माझं लक्ष राहून राहून शेडकडं जात होतं. तिथं गाडीचं एक चाक निघालेलं होतं, आणि चाक निघालेलं असताना हे घर सोडून कधी कुठं गेले नव्हते.

त्याला आता दीड महिना होत आला. लोक म्हणतात, काकी, आता जरा निवांत बसा. मला बसवत नाही. ह्यांच्या पायाला असलेली भिंगरी जाताना माझ्या पायाला बांधून गेले की काय, कोण जाणे.

हे फौजेत ड्रायव्हर होते. सत्तर सालानंतर नोकरी संपवून कडेगावला आले तेव्हा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं होतं की लेक आता उसात रमेल. कसला रमतोय. बांधावर गेले की लगेच घरी, घरी आले की पुन्हा बांधावर. आमचं पहिलं मूल त्याआधीच गेलं होतं. हे तेव्हा सीमेवर होते. मला अवेळी कळा सुरू झाल्या आणि बैलगाडी विट्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत सगळं संपलं होतं. त्याबद्दल हे माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. मला पुन्हा दिवस राहिले तेव्हा मात्र साताऱ्याला गेले आणि एक जुनी काळी मोटार घेऊन आले. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा लागल्या की थांबायचं नाही, थेट इकडं यायचं. गाडी त्यासाठीच आणली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंनी दिवाळीनंतरचे दिवस सांगितले होते. तोवर दम धरतील तर ते हे कसले. इंजिन उघडून झालं, गाद्या शिवून झाल्या, मग चाकांच्या डिस्कवरचा गंज ह्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पूजेला मांडतात. यंदा रंगवलेली चाकं मांडायची, असं ह्यांनी ठरवलं.

"एकेक काढा की," मी म्हटलं.

"एकदम रंगवली की चारी सारखी दिसत्यात. तुला न्हाई कळायचं."

चारी चाकं निघाली आणि गाडी विटांच्या थरावर चढली. तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, रॉकेलनं पुसायचं, तांबड्या अस्तराचा एक हात द्यायचा आणि त्यावर चंदेरी रंग. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि डिस्कच्या फटीत खेळायचे पत्ते गोलाकार खोचायचे, ही फौजेतली युक्ती. घरातले पत्ते त्यात कडेनं कायमचे चंदेरी झाले. मी पडवीत पोट धरून बसले होते आणि ह्यांच्या नावानं बोटं मोडत होते. रंगाला वाळायला वेळ लागतो, आणि वेळ देणं तेवढं ह्यांना जमत नसे. सारखा अंगठा लावून बघायचे, ठसा उठला की तिथं पुन्हा ब्रश.

नवमीला सकाळी चारी चाकं ओलसरच देवापुढं उभी राहिली, शेजारी जॅक आणि पाना. आत्याबाईंनी हळदीकुंकू वाहिलं. पूजेतलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, अशी आमच्यातली रीत. जेवणं व्हायची होती आणि मला कळा सुरू झाल्या...

मी पडवीचा खांब धरून बघते, तर हे देवापुढं हात जोडून उभे. हलेनात. एरवी घटकाभर बूड न टेकणारा माणूस नेमका त्या वेळी खिळल्यासारखा उभा. पहिलं मूल कुठल्या तरी कोपानं गेलं, असं ह्यांनी मनात धरलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. देवापुढचं उचललं तर दुसरंही जाईल, ही भीती.

"अवं, बघताय काय नुसतं?" मी ओरडले.

"पूजेतली हायती गं," एवढंच म्हणाले.

आत्याबाई चुलीपुढून उठून आल्या. नऊ दिवसांचा उपास, आणि रीतीभातीत तिळभर ढिलं न सोडणारी बाई. त्यांनी देवापुढं कपाळ टेकलं, कुंकवानं भरलेला पंजा एका चाकावर दाबला आणि ते ढकलत दाराकडं आणलं.

"म्या हलवलंय. पाप लागलं तर मला लागंल. तू पाना घे."

मग मात्र ह्यांचे हात सुटले. त्यानंतरचं मला पाना घासल्याचा आवाज आणि सांगलीच्या रस्त्यावरचे खड्डे, एवढंच आठवतं. आत्याबाई घरी मोकळ्या झालेल्या पाटापुढं बसून राहिल्या होत्या. विजया दसऱ्याला उजाडता उजाडता झाली, आणि रडली.

घरी आल्यावर दिसलं, एका डिस्कवर आत्याबाईंचा पंजा उठला होता, बोटांच्या रेघांत कुंकू रुतलेलं. ते चाक ह्यांनी पुन्हा कधी रंगवलं नाही. बाकीची तीन मात्र दरवर्षी, एका वेळी एकच, आणि गाडीचं तोंड कायम फाटकाकडं. गाडी चालायची बंद झाली तरी हा नेम चुकला नाही. मी चेष्टा करायचे, की आता कुणाला कळा लागणार आहेत? हे हसायचे आणि चाकांतली हवा बघायला जायचे. त्या नवमीला हे देवापुढं नुसते उभे राहिले याचा राग मी वर्षानुवर्षं धरला होता. आता तो राग कुणावर काढायचा, हेच कळत नाही.

काल खंडेनवमी झाली. यंदा घरात सण नाही, पूजा नाही, त्यामुळं चाक उचलायला देवाचीही आडकाठी नव्हती. विजया आली होती. आम्ही दोघींनी फटीतले पत्ते एकेक करून काढले. रंग केव्हाच वाळून खडखडीत झाला होता. कडेला ह्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. त्यावर ब्रश फिरवायचा राहून गेला होता.

"आई, डबा उघडू? थोडा रंग शिल्लक आहे."

"राहू दे," मी म्हटलं.

चाक बसवलं, विजयानं नट आवळले, विटा काढल्या. मग मी चहा केला आणि पायरीवर बसले. निम्मा झाला असेल नसेल, कप तसाच ठेवून उठले... नट नीट आवळलेत का, ते बघायला.