आक्काला वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या

त्या पावसाळ्यात मी जेवढ्या कादंबऱ्या वाचल्या, तेवढ्या मोठ्यानं वाचल्या. ऐकणारी एकच होती, माझी थोरली बहीण. निपाणीहून तिला घरी आणलं तेव्हा तिचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हेल्मेटनं तोंडावर मारलं होतं. फोनवर आलेलं काहीतरी वाचून ती हसली आणि आपल्यालाच हसली असं त्यांना वाटलं, एवढंच कारण.

डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, पेज आणि डाळीचं पाणी नळीनं ओढायचं. बोलायचं असेल ते वहीत लिहायचं. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करते. पहिली पाळी संपवून कंग्राळीला घरी यायचं, चहा घ्यायचा आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडून तिच्या कॉटपाशी बसायचं, असा नेम पडला.

सुरुवात एका गुन्हेगारी कादंबरीनं झाली. चौघे गुंड इन्स्पेक्टरला लोखंडी गजानं झोडपतात आणि पाचच पानांनी तो गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत पळतो. मला मजा येत होती. आक्कानं वही ओढली आणि लिहिलं, "ह्याला मार बसलाच न्हाय. मार बसल्यावर माणूस आधी मुततो."

मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

मग मी बक्षीस मिळालेली एक गंभीर कादंबरी आणली. तिच्यात नवऱ्याचा मार खाणारी बाई होती. फरशीवर सांडलेलं तिचं रक्त गुलमोहराच्या फुलांसारखं दिसत होतं, आणि दोन पानं त्या फुलांचंच वर्णन. मला ती वाक्यं सुंदर वाटली होती, एक वाक्य तर मी पुन्हा वाचलं. आक्काचा चेहरा दगडासारखा झाला. तिनं लिहिलं, "रक्त चिकट असतंय. वाळायच्या आत पुसाय लागतंय आणि ते आपल्यालाच पुसाय लागतंय. लिहिणाऱ्याला म्हणावं, फडकं घे."

कंटाळून शेवटी मी प्रेमाची विनोदी कादंबरी आणली. खरं सांगते, असली पुस्तकं मी हलकी समजायचे. केकचं दुकान चालवणारी मुलगी आणि शेजारचा जनावरांचा डॉक्टर, दोघांचं गाडी लावायच्या जागेवरून भांडण. शेवटी काय होणार ते पहिल्याच पानावर कळत होतं. पण डॉक्टरची घोरपड लग्नाच्या केकवर चढते, त्या प्रसंगाला आक्का हसायला लागली. बांधलेल्या दातांमधून नुसता फसफस आवाज यायचा. तारेचं टोक ओठाच्या आतून घुसलं, हनुवटीवर रक्त आलं.

"थांबू काय?" मी घाबरून विचारलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बोटानं पान दाखवलं. पुढं वाच.

तशा पाच-सहा कादंबऱ्या आम्ही संपवल्या. त्यातल्या एकीत नायिका नको म्हणते, तरी नायक तिच्या ऑफिसबाहेर, बसस्टॉपवर, मावशीच्या घरी, सगळीकडं उगवतो, आणि शेवटी ती विरघळते. ती ऐकताना आक्कानं पुस्तक माझ्या हातातून घेऊन भिंतीवर फेकलं. बाकीच्या तिला आवडल्या. मी विचारलं, "ह्यातलं खरं काय हाय गं आक्का? असं कुठं असतंय? तुला का आवडतंय?" तिनं पेन्सिलीला टोक काढलं. मग लिहिलं, "दाराची कडी वाजली की ह्यातली बाई घाबरत न्हाय. म्हणून."

तारा काढायला आठवडा उरला होता, तेव्हा एका रविवारी दुपारी दाजी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स. आईनं रीतीप्रमाणं पाणी दिलं. ते आईशी गोड बोलले, चुकलं म्हणाले, डोळ्यांत पाणीही आणलं. मग आक्काकडं वळून म्हणाले, "चल. गाडी आणलीया."

आक्कानं वहीत 'न्हाय' लिहून त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी ते वाचलं. वही घेतली, मधोमध फाडली आणि तिचे केस मुठीत धरून तिला कॉटवरून ओढलं. तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. ओरडायला तोंड उघडत नव्हतं, नाकातून नुसता गुरगुराट येत होता. आई त्यांच्या दंडाला लोंबकळली, तर त्यांनी तिला लाथेनं भिंतीपर्यंत उडवलं.

मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. केस धरलेल्या मनगटावर मारला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि मूठ सुटली. दाजी खाली बसले. इथं थांबायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा मारला, खांद्यावर. तो घाव कुणाला वाचवण्यासाठी नव्हता. मला तो मारायचा होता. कादंबरीत अशा वेळी बाईच्या हातून हत्यार गळून पडतं, ती थरथरते, रडते. माझा हात अजिबात थरथरत नव्हता. अंगात गरम, गोड असं काहीतरी चढलं होतं. त्यांनी चांगला हात डोक्यावर घेतला होता आणि मी ते डोकंच बघत होते. वरवंटा तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा रक्तानं भरलेल्या तोंडानं आक्का माझ्या हाताला येऊन बिलगली आणि बांधलेल्या दातांतून एकच शब्द बोलली. "पुरं."

शेजारी जमले. दाजींना त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. जबाब सरकारी भाषेत, कन्नडमध्ये लिहून घेतला, वाचून दाखवला, आम्ही सह्या केल्या. लिहून घेणाऱ्या बाईंनी मला विचारलं, किती वेळा मारलं? मी दोनदा म्हणाले. खरं सांगितल्याबद्दल वकिलांनी नंतर मला बोल लावला. दाजींनीही तक्रार दिली होती, त्यामुळं खटले दोन झाले. दोन्हींच्या तारखा अजून पडताहेत.

आक्काचा जबडा पुन्हा बांधावा लागला, आणखी पाच आठवडे. तो थोडा वाकडा बसलाय, भाकरीचा कडक पापुद्रा तिला अजून चाववत नाही. ती निपाणीला परत गेली नाही. आता कॅम्प भागातल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि स्वतःची पुस्तकं स्वतः आणते.

मारामारीची पानं मी आता उलटून टाकते. लेखकाला जमत नाही म्हणून नव्हे. एखाद्याला ते जमलेलं असतं, आणि वाचताना माझा उजवा हात गरम होतो. आक्काला मी हे सांगितलंय. परवा ती एक नवी कादंबरी वाचत होती, आपलं लग्न मोडायला निघालेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोची. मी म्हणाले, मलाही दे. ती म्हणाली, "थांब की गं. अजून दोघं भांडालेत, मला बघू दे."