लेकराएवढी जागा

आमची मुलगी जळगावच्या एका दवाखान्यात जन्मली आणि बारशाच्या आतच गेली. नाव ठेवायचं राहून गेलं. नर्सनं तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. बायकोला अजून उठून बसवत नव्हतं. कुत्री उकरतील अशा ठिकाणी ठेवू नका, एवढंच तिनं मला बजावलं.

दात न आलेल्या लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत, माती देतात. मोठा भाऊ आणि मी रिक्षानं शहरातल्या स्मशानात गेलो. लहान मुलांचा कोपरा केव्हाच भरलाय, असं तिथल्या माणसानं सांगितलं. कुदळ मारली की आधीच्या कुणाचं तरी कापड वर येतं म्हणे. लाकडं देतो, जाळून टाका, असं तो म्हणाला तेव्हा भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, गावी नेऊ.

आमचं गाव एरंडोलजवळ. गावाबाहेर नाल्याकाठी लेकरं पुरायची जागा होती. माझ्याआधीची माझी दोन भावंडं तिथंच आहेत. आई तिकडून जाताना नेहमी पदर डोक्यावर घ्यायची. आम्ही पोचलो तर तिथं प्लॉट पाडलेले, घरं उठलेली. एक जण नव्या भिंतीवर पाणी मारत होता. माझ्या हातातलं गाठोडं बघून त्यानं नळी खाली ठेवली आणि हात जोडले.

"तुमचं दुःख कळतं मला. पण माझी सून याच घरात नांदायला यायचीय."

आम्ही आमच्या शेतात गेलो. भावानं लिंबाखाली कुदळ टेकवली, तेवढ्यात वडील आडवे आले.

"आपला वावरमा नको, भाऊ. नवा रस्तानी मोजणी व्हयी जायेल शे. उद्या मशिन यीसन पोरले उकरी टाकी."

शेतातून रस्ता जाईल तेव्हा जाईल, उद्याचं उद्या बघू, आज तिला निजू द्या, असं मी त्यांना परोपरीनं विनवलं. ऊन चढलं होतं. हात भरून आले होते, पण तिला खाली ठेववत नव्हतं. वडील बांधावर बसले आणि त्यांनी टोपीनं तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलताना दिसले, तेव्हा माझं विनवणं थांबलं.

गावच्या स्मशानाला कुंपण नाही, पुरलं तर कुत्री उकरणार; शेवटी तिथंच तिला अग्नी दिला. थोड्या लाकडांत झालं. वडिलांनी मला काडी लावू दिली नाही, स्वतः लावली. वेचायला काहीच उरलं नव्हतं.

लिंबाखाली ठेवलंय असं बायकोला सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. तिनं विचारलं तेव्हा खरं तेच तोंडातून निघालं.

"आग दिली? एवढ्याशीला?"

ती भिंतीकडे वळली. तिला पान्हा फुटत होता. तिच्या आईनं तिच्या छातीवर घट्ट कापड बांधलं.

पुढच्या वर्षी गावी गेलो तेव्हा बायको मला नाल्यावर घेऊन चल म्हणाली. घरं आता राहती झाली होती, गच्चीवर कपडे वाळत होते. लेकरांची जागा कुठं होती, असं तिनं विचारलं. मी अंदाजानं बोट दाखवलं. त्या घरासमोर ती बराच वेळ उभी राहिली. आतून एक तरुण बाई आली आणि कोण पाहिजे म्हणून विचारू लागली.

"कोणी नाही," बायको म्हणाली.

पण ती तिथून हलेना. मला तिचा हात धरून तिला न्यावं लागलं.