डक्टवाल्या मामांचा हात

डक्टवाले मामा कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. समोर माणूस बसलाय, चहा आलाय, हे सगळं नंतर. मग उजवा हात सरळ वर करायचे. मामा उंचीने बेताचेच; त्यांचा हात छताला टेकला की खोली नापास. "साहेब, ही खोली नाही, टिफिनचा डबा आहे," म्हणायचे.

मनीषनगरातल्या एका हॉस्पिटलचं स्ट्रक्चर माझ्याकडे आलं तेव्हा मी नवा होतो आणि स्वतःला बराच मोठा समजत होतो. नव्या इंजिनिअरला दणकट बीमची हौस असते. मला जरा जास्तच होती. छतापासून अडीच फूट खाली उतरणारे बीम ठोकून दिले. एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्टही त्याच छताखालून जाणार, हे डोक्यातून साफ गेलं. तळमजल्यावरचा स्लॅब ओतून झाला आणि कामठीहून शेअर ऑटोने मामा आले. बीमखाली डक्ट, डक्टखाली फॉल्स सीलिंग, असं मोजून त्यांनी सुतळी ताणली आणि हात वर केला. सुतळीला टेकला.

"हवा कुठून न्यायची मंग, साहेब?"

कंत्राटदार म्हणाला, "बीमले भोकं पाडा मामा, अन् डक्ट आरपार काढा."

"मी पत्रा कापतो. बीम नाही कापत."

"मंग मी दुसरा माणूस पाहतो."

तेवढ्या वेळात मी काय केलं? नकाशाची गुंडाळी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. फार मन लावून.

बाहेर चहाच्या टपरीवर मामांनी माझा साहेबपणा उतरवला. "चूक तुयी, अन् काम मायं हातचं चाललं. तू काहून चूप होता गा?"

दुसऱ्या दिवशी मालक असलेल्या डॉक्टरांसमोर मी उभा राहून सांगितलं की बीम चुकले, ते मीच चुकवले, मामांचं बरोबर आहे. जे ऐकायचं ते ऐकलं. मामांचं काम टिकलं.

वरचे मजले आम्ही दोघांनी मिळून नव्याने आखले. मामांनी पत्र्याच्या तुकड्यावर खडूने डक्टचा रस्ता काढला. मी बीम काढून टाकले, सपाट जाड स्लॅब घेतला आणि फक्त कॉलमच्या माथ्याशी जाडी वाढवली, तीही मामांचा खडू चुकवून. डक्ट सरळ निघाला. "आता हवेले वाकून चालाव लागत नाही," मामा म्हणाले. तळमजला मात्र तसाच राहिला. तिथे डक्ट चपटा करावा लागला, आणि शेवटच्या कोपऱ्यात हवा कशीबशीच पोचायची.

गेल्या उन्हाळ्यात मामांची छाती बिघडली. खाट मिळाली ती त्याच हॉस्पिटलात, तळमजल्यावर, त्याच कोपऱ्यात. मी गेलो तेव्हा मामी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. मी छताकडे बघितलं, आणि मग मामांकडे बघायची हिंमत होईना. नर्सला विनवलं. वरच्या मजल्यावरची एक खाट सकाळी रिकामी होणार होती.

मामांनी माझा चेहरा वाचला. "कायले तोंड पाडून उभा आहेस? बस." मग त्यांनी उजवा हात वर केला. तो निम्म्यावरच थांबला.

"पाह्य, झोपून पाह्यलं तर लय उंच आहे गा."

सकाळी वरची खाट रिकामी झाली. मामांना न्यायला मी खाली आलो, तर मामांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती आणि मामी पुठ्ठा मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या.