दोन वाट्या गुरगुट्या भात

दात सरळ करायच्या तारांसाठी दाढांना बँड बसवायच्या आधी त्यांच्यामध्ये फट करावी लागते. त्यासाठी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दाढांमध्ये निळ्या रबराच्या बारीक कड्या दाबून बसवल्या. त्यांना सेपरेटर म्हणतात. "थोडं दुखेल," त्या म्हणाल्या. डॉक्टरांचं 'थोडं' केवढं असतं ते मला बाबांच्या आजारपणात कळलं होतं. घरात वडील असे आणि हिला या वयात दात सरळ करायचं खूळ, म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पेरूची बी दाढेत अडकावी आणि आतल्या आत फुगत राहावी तसं होत होतं. पोळीचा पहिलाच घास चावला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी चिडून ताट सरकवलं.

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या खात्यात होते. कोळशाजवळ बिडी ओढायला बंदी, म्हणून ती सगळी मंडळी गालात तंबाखूची चिमूट धरायची, आणि आपण आगीपासून लांब आहोत याचं त्यांना समाधान असायचं. बाबांची चुन्याची डबी आई स्वतः भरून द्यायची. आता दोष कुणाला देणार? आपलेच दात, आपलेच ओठ. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आणि त्यांचं तोंड जेमतेम बोटभर उघडायला लागलं. खाताना ओघळतं म्हणून त्यांनी आमच्यात बसणं सोडलं. वाटी घेऊन आतल्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे, आणि वाटी बहुतेक तशीच परत यायची. पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नळीचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करायचे.

त्या संध्याकाळी आईने घोटीच्या इंद्रायणीचा गुरगुट्या भात माझ्यासाठीही घोटला. "घ्या, आता घरात दोन बोळकी," ती म्हणाली. बाबा आपली वाटी न्यायला आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. माझं तोंड वाकडं झालं होतं, हनुवटीवर भात ओघळला होता. ते समोर बसले.

"लय दुखतंय?"

"लय."

"चावू नको. जिभेनं टाळूला दाब, मग गिळ. हे असं."

मला गिळायला शिकवता शिकवता त्यांनी वाटी संपवली. आईने आणखी एक पळी वाढली आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिली.

दोन-तीन दिवसांत माझं दुखणं उतरलं. दाढा सरकल्या की रबर सैल होतं; एक तर चूळ भरताना बेसिनमध्येच पडलं. दुपारी ऑफिसजवळ मी फरसाण घातलेली मिसळ व्यवस्थित चावून खाल्ली. घरी आल्यावर मात्र गाल धरून बसायचे. या सोंगाची मला अजिबात लाज वाटली नाही. रोज दोन वाट्या रिकाम्या होत होत्या, आणि त्या निळ्या रबरांबद्दल मला चक्क माया वाटू लागली होती.

बँड बसवून आले त्या दिवशी बाबा माझ्या आधीच जेवायला येऊन बसले होते. त्यांनी मला आ करायला लावलं आणि बराच वेळ आत बघितलं.

"आता या तारा किती दिवस?"

"दीड-दोन वर्षं. मधूनमधून आवळतात, तेव्हा दुखणार. भातच खावा लागणार, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि वाटी जवळ ओढली.

"मग भात घोटायचा शिकून घे," ते म्हणाले. "मी नसलो की तुझी आई तुझ्या एकटीसाठी एवढं घोटत बसायची नाय."

आणि त्यांनी घास घेतला. मला रडू फुटलं. दाढा ठणकतायत, असं मी सांगितलं.